खाल्ल्या घरचे वासे

मेजवानीला जाणाऱ्या माणसापुढे मराठी भाषेने दोनच भूमिका ठेवल्या आहेत. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही एक. खाल्ल्या घरचे वासे मोजणे, ही दुसरी. पहिली लाचाराची, दुसरी कृतघ्नाची. जेवून उठावे, हात धुवावेत आणि आढ्याकडे न पाहता निघून यावे, ही सभ्य पाहुण्याची तिसरी रीत आहेच. पण तिच्यासाठी म्हण नाही, कारण तिच्यात सांगण्याजोगे काही घडत नाही. बड्या लोकांच्या मेजवान्यांविषयी वृत्तपत्रात लिहिणाऱ्या स्तंभलेखकाला मात्र ही तिसरी रीत उपलब्धच नसते. त्याला बोलावलेलेच असते ते लिहिण्यासाठी. तो गप्प राहिला तर यजमान नाराज होतो आणि संपादक त्याहून अधिक. टाळी वाजवावी की वासे मोजावेत, हा त्याच्या उपजीविकेचा रोजचा प्रश्न होऊन बसतो. ह्या प्रश्नाकडे एक क्षुद्र धंद्यातील क्षुद्र अडचण म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. दिल्लीच्या बाबतीत तरी हा प्रघात फसवा आहे.

दिल्लीच्या दरबारी जीवनाचे वृत्त लिहिण्याचा मोठा मराठी उद्योग वृत्तपत्रांच्या कितीतरी आधीचा. अठराव्या शतकात हिंगणे घराण्यातील पुरुष पेशव्यांचे वकील म्हणून दिल्लीत राहत असत. त्यांचे दप्तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केले आहे. बादशहाची मर्जी कोणावर आहे, कोणत्या अमिराचे कोणाशी बिनसले, वस्त्रे कोणाला मिळाली, कोणाचा शब्द चालेनासा झाला, हे सारे अशा वकिली पत्रांतून पुण्यास कळत असे. मोगल दरबाराचे स्वतःचे अखबारनवीसही होते. ह्या मंडळींची नजर आजच्या स्तंभलेखकाहून वेगळी नव्हती. कोण कोणाशेजारी उभा राहिला ह्यावरून ते राजकारण वाचीत. भेद एवढाच की त्यांचा वाचक एकच, त्यांचा धनी. दिल्लीच्या अमिराकडे जेवलेल्या वकिलाने त्या घरचे वासे मोजून पुण्यास कळविले, तर तो कृतघ्न ठरत नसे, इमानी ठरे. जेवू घालणाऱ्या अमिरालाही ते ठाऊक असे. मीठ कोणाचे, हा प्रश्न निघण्यापूर्वीच सुटलेला असे.

वृत्तपत्रातल्या लेखकाचा प्रश्न असा सुटत नाही. जेवू घालणारा यजमान, पगार देणारा मालक आणि सकाळी पैसे मोजून अंक विकत घेणारा वाचक, अशा तिघांचे मीठ त्याच्या पोटात असते. ह्यांपैकी यजमान समोर उभा असतो, मालक टेलिफोनच्या अंतरावर असतो, आणि वाचक कधीच भेटत नाही. न भेटणाऱ्या माणसाचे मीठ लवकर विसरते, ही गोष्ट मनुष्यस्वभावाला धरूनच आहे.

मुंबईतील मेजवानी पैशाभोवती आणि सिनेमाभोवती भरते, दिल्लीतील पदाभोवती. मंत्र्याचे खाते गेले की आठवड्याभरात त्याच्याकडे येणारी निमंत्रणपत्रे आटतात, सचिव निवृत्त झाला की त्याच्या पत्नीच्या चित्रप्रदर्शनाला गर्दी होत नाही. ह्या शहरातील पाहुण्यांची यादी म्हणजे राजपत्राची खाजगी आवृत्ती. त्यातही ल्यूटन्सच्या आराखड्यातील दिल्लीची एक गोष्ट विशेष आहे. यजमान ज्या हिरवळीवर पाहुण्यांचे स्वागत करतो ती हिरवळ सरकारी, तिला पाणी घालणारा माळी सरकारी, फाटकावरचा शिपाईही सरकारी. मग त्या ताटातले मीठ नेमके कोणाचे? ज्या वाचकाने त्या फाटकातून कधी पाऊल टाकले नाही, त्याचाही त्यात काही वाटा आहे, असे म्हटल्यास ते वकिली युक्तिवादासारखे वाटेल. पण हिशेब मांडून पाहिला तर तो खरा आहे. १९९१नंतर नवा पैसा छतरपूर-मेहरौलीकडच्या फार्महाउसांत आणि पुढे गुडगावात गेला, तेव्हा यजमान बदलले, वासे संगमरवरी झाले. पण पाहुण्यांत एखादा सत्ताधारी असल्यावाचून मेजवानी पुरी होत नाही, हा दिल्लीचा नियम तेथेही चालत राहिला.

ह्या धंद्यातील कारकीर्द बहुधा एकाच वळणाची असते. करोलबागेतून किंवा यमुनेपलीकडून बसने येणारा एखादा तरुण अथवा तरुणी नगर-पुरवणीत नोकरीला लागते. लग्नसराईच्या थंडीत एका संध्याकाळी तीन-तीन ठिकाणी जावे लागते. दिवाळीआधीच्या पंधरवड्यात पत्त्यांचे डाव रात्रभर चालतात, तेथेही हजेरी लावावी लागते. छायाचित्राखाली नावे डावीकडून उजवीकडे कोणत्या क्रमाने घालावीत, कोणाचे नाव गाळले तर सकाळी फोन येतो, कोणाच्या नावाचे स्पेलिंग चुकले तर मालकाला फोन जातो, हे पहिल्या वर्षात कळते. मराठी पंगतीत वाढपी ओळखीच्या पानावर तूप जास्त वाढतो, त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात. ह्या पानांवर तो आठवड्याचे सात दिवस चालतो. पहिल्या वर्षी नजर ताजी असते, सगळे वासे दिसतात. पाचव्या वर्षी यजमानीण पहिल्या नावाने हाक मारू लागते. दहाव्या वर्षी काहीच दिसेनासे होते, कारण आता आपणही त्यांच्यातलेच, असे वाटू लागलेले असते. लाच घेऊन माणूस आंधळा होतो हे सर्वांना ठाऊक आहे. आपुलकीनेही तो आंधळा होतो आणि त्याची कोठे नोंद होत नाही. नोकरी सुटली की निमंत्रणपत्रे आटतात, पदच्युत मंत्र्याइतक्याच वेगाने. तेवढ्यापुरते दोघांचे नशीब सारखे.

मराठी घरांतून ह्या लेखनाकडे गेलेली दोन नावे येथे आठवावीत, जरी ती दिल्लीची नव्हेत. देवयानी चौबळ यांनी ‘स्टार अँड स्टाइल’मधून मुंबईच्या चित्रसृष्टीविषयी निर्भीड आणि पुष्कळदा निष्ठुर असे लिहिले, १९९५ साली त्या वारल्या. पूर्वाश्रमीच्या राजाध्यक्ष असलेल्या शोभा डे यांनी १९७१ साली निघालेल्या ‘स्टारडस्ट’चे संपादन केले आणि पुढे उच्चभ्रू मुंबईविषयी कादंबऱ्या व स्तंभ लिहिले. दोघींनी लिहिले ते इंग्रजीत. मराठी वृत्तपत्राने व्यक्तिगत टीकेचे वावडे कधी मानले नाही. अत्रे यांचा ‘मराठा’ चाळला तरी ते कळेल. परंतु यजमानाच्या घरात बसून यजमानाविषयी लिहिण्याचा प्रकार मराठीत फारसा रुजला नाही. त्याचे श्रेय मराठी सभ्यतेला द्यावे, की मराठी संपादकाला अशा घरची निमंत्रणेच क्वचित येत ह्या वस्तुस्थितीला, हे ज्याने त्याने ठरवावे.

दिल्लीत ह्या प्रश्नाची पुरती कसोटी पाहणारा लेखक मात्र मेजवान्यांचा बातमीदार नव्हता. खुशवंतसिंग हे कादंबरीकार, शिखांच्या इतिहासाचे लेखक, संपादक आणि राज्यसभेचे सदस्य होते. पण अनेक दशके देशभर त्यांचे नाव वाचले गेले ते एका साप्ताहिक स्तंभामुळे. त्या स्तंभाचे नावच असे होते की त्यात सर्वांविषयी थोडा खोडसाळपणा असेल, ही सूचना वाचकाला आणि यजमानाला एकदमच मिळावी. १९१५ साली आज पाकिस्तानात असलेल्या हडाली गावी त्यांचा जन्म झाला. वडील सर शोभासिंग हे नवी दिल्ली उभारणाऱ्या मोठ्या ठेकेदारांपैकी एक. ज्या शहराचे वासे मुलाने पुढे जन्मभर मोजले, त्यांतले कित्येक वडिलांनी चढविलेले होते.

१९६९ ते १९७८ ते मुंबईस ‘इलस्ट्रेटेड वीकली’चे संपादक होते. तेथे गोव्याच्या मारिओ मिरांडांनी त्यांना विजेच्या दिव्यात बसवले. शेजारी बाटली आणि पुस्तके. तो दिवा स्तंभाची खूण बनला आणि त्यांच्याबरोबर दिल्लीस ‘हिंदुस्थान टाइम्स’मध्ये आला. कोणाकडे व्हिस्की हात आखडून ओतली जाते, कोण बोलताना मोठ्या माणसांची नावे पेरतो, कोणाची विद्वत्ता उसनी आहे, हे ते नावानिशी लिहीत. एक पथ्य मात्र त्यांनी पाळले. स्वतःचे व्यसन, स्वतःची भित्री वेळ, स्वतःचा चावटपणा ते इतरांच्या दोषांहून आधी आणि अधिक सांगत. आपल्या घरचे वासे प्रथम मोजणारा माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो तेव्हा त्याचा राग येणे कठीण जाते. वाचकांचे त्यांच्यावरील प्रेम पुष्कळसे ह्यामुळे होते. परंतु नैतिकदृष्ट्या ही सूट पुरती पडत नाही. स्वतःचे गुपित सांगणाऱ्याची संमती त्याच्या स्वतःपुरती असते. त्याच गोष्टीत सापडलेल्या दुसऱ्या माणसाने ती दिलेली नसते.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते गांधी घराण्याशी असलेल्या त्यांच्या संबंधांवरून दिसते. जून १९७५मध्ये आणीबाणी आली. खुशवंतसिंगांनी तिला पाठिंबा दिला, संजय गांधींची बाजू उघडपणे घेतली. सेन्सॉरशिप आपल्याला पसंत नव्हती असेही त्यांनी सांगितले आहे. मेनका गांधींच्या ‘सूर्या’ ह्या मासिकाला ते सल्लागार म्हणून साहाय्य करीत. १९८० साली इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या. त्याच वर्षी खुशवंतसिंग राज्यसभेवर नियुक्त झाले आणि त्याच वर्षी ‘हिंदुस्थान टाइम्स’चे संपादकही झाले. पोळी खाल्ली होती, टाळी वाजली होती. त्या वर्षीच्या जूनमध्ये संजय गांधींचा विमान-अपघातात मृत्यू झाला. मार्च १९८२मध्ये मेनका गांधी सासूचे घर सोडून बाहेर पडल्या. ते घर सफदरजंग रस्त्यावरचे, पंतप्रधानांचे निवासस्थान.

त्या घरातील कलहाची हकीकत खुशवंतसिंगांनी आत्मचरित्रात लिहिली. १९९५ साली तिचा काही भाग ‘इंडिया टुडे’त छापून आला आणि मेनका गांधी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. प्रकाशनाला मनाई झाली. ती उठली सप्टेंबर २००१मध्ये, द्विसदस्य पीठापुढे. लिहिलेले पुष्कळसे पूर्वीच छापून आले आहे, लेखक परिणाम भोगायला तयार आहे, बदनामी झाली असे वाटल्यास नुकसानभरपाई मागता येईल, पण छापण्यापूर्वी तोंड बंद करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय. पुस्तक २००२ साली निघाले.

न्यायालयापुढचा प्रश्न छापावे की छापू नये एवढाच होता. दिवाणखान्यांतला प्रश्न वेगळा होता: ह्या माणसाने ज्या घराचा विश्वास मिळवला त्या घराविषयी असे लिहावे काय? पुष्कळांचे उत्तर नकारार्थी होते, आणि ते सहजासहजी खोडता येत नाही. ज्या निकटतेमुळे ह्या लेखकाला त्या घराविषयी लिहिण्याचा अधिकार आहे असे वाचकाला वाटते, ती मैत्रीची निकटता होती. उलट बाजूनेही सांगण्यासारखे आहे. त्या घराचे छप्पर सरकारी होते. त्या कलहामागे पक्षाचा वारसा कोणाकडे जावा हा प्रश्न होता, आणि तो देशाचा प्रश्न होता. तेव्हा काही वासे राज्याचे आणि काही कुटुंबाचे, असे वेगळे काढता आले असते. खुशवंतसिंगांनी दोन्ही एका दमात मोजले, कारण दोन्ही वाचायला सारखेच रंजक होते. त्यांचा दोष कृतघ्नतेचा नव्हे, विवेकाचा आहे. आणि अशा लेखनातला विवेकाचा दोष बहुधा रंजकतेच्या पोटीच जन्मतो.

परंतु ह्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट नजरेआड राहते. वासे मोजल्याबद्दल लेखकावर खटला झाला. टाळी वाजवल्याबद्दल कोठेही झाला नाही. एप्रिल १९७६मध्ये ह्याच दिल्लीत तुर्कमान गेटपाशी वस्तीवर बुलडोझर चालले आणि गोळीबार झाला. सफदरजंग रस्त्यापासून ती जागा काही मैलांवर. त्या काळात वृत्तपत्रांवर नियंत्रण होते हे खरे. पण सेन्सॉर मौन लादू शकतो, टाळी लादत नाही. स्तुती करणाऱ्याने ती स्वतःच्या हाताने केलेली असते. आत्मचरित्रातील काही पानांनी एका स्त्रीला क्लेश झाले. ती समर्थ होती, तिला वकील मिळाले, न्यायालयाने जवळजवळ सहा वर्षे तिला संरक्षण दिले. त्या वर्षांतील स्तुतीने ज्यांचे नुकसान झाले, त्यांना उभे राहण्यासाठी जागाच नव्हती. मिठाला न जागणे हे पाप म्हणून आपल्या भाषेने नीट नोंदवून ठेवले आहे. मिठाला जागून केलेल्या पापाला मात्र भाषेने इमान हे नाव दिले, आणि त्यामुळे ते ओळखणे अवघड झाले.

खुशवंतसिंगांनी आपली भूमिका लपवली नाही, ह्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. आणीबाणीला आपण पाठिंबा का दिला, हे सांगणारा लेख मथळ्यावर मिरवणारा संग्रह २००९ साली त्यांच्या हयातीतच निघाला. जून १९८४मध्ये सुवर्णमंदिरात सैन्य शिरले तेव्हा १९७४ साली मिळालेला पद्मभूषण किताब त्यांनी परत केला. राज्यसभेची जागा त्यांनी सोडली नाही. तिची मुदत १९८६ साली संपली. किताब परत करता येतो. मीठ परत करण्याची सोय नसते, आणि ती नसते म्हणूनच ते स्वीकारताना विचार करावा लागतो.

२००१च्या त्या निकालपीठावर न्यायमूर्ती देविंदर गुप्ता यांच्याबरोबर संजय किशन कौल होते. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय पुट्टस्वामी खटल्यात दिला; त्या पीठावरही कौल होते, आणि त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिले. वरवर पाहता ही विसंगती आहे. अमेरिकेतही एक असाच माणूस होऊन गेला. लुई ब्रँडाइस ह्याने सॅम्युएल वॉरनबरोबर १८९० साली ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये खाजगीपणाच्या हक्कावर निबंध लिहिला, त्याचा मुख्य रोख वृत्तपत्रांच्या चहाडखोरीवर होता. वॉरनच्या घरच्या समारंभांविषयी बोस्टनची पत्रे लिहीत, त्या चिडीतून तो निबंध निघाला, असे सांगितले जाते. त्याच ब्रँडाइसने पुढे १९१३-१४च्या सुमारास बँकवाल्यांच्या व्यवहारांवर लिहिताना, सामाजिक रोगांवर उघडेपणा हेच औषध आहे असे आग्रहाने मांडले. दोन्ही मते एका माणसाच्या डोक्यात सुखाने नांदली, कारण एक माणसाच्या घरासंबंधी होते आणि दुसरे त्याच्या सत्तेसंबंधी. बोस्टनमध्ये ह्या दोन गोष्टी निराळ्या काढणे शक्य होते. दिल्लीत सत्ता घरीच राहते, घरीच जेवते आणि पुष्कळदा घरीच वारसाहक्काने पुढे जाते. ब्रँडाइसचा तो सुबक भेद येथे पंगतीतच मोडतो.

कायदा काही करो, समाजाकडेही शिक्षेची साधने असतात. नोव्हेंबर १९७५च्या ‘एस्क्वायर’मध्ये ट्रूमन कपोटी ह्या अमेरिकन कादंबरीकाराने आपल्या अपुऱ्या कादंबरीतील एक प्रकरण छापले. न्यूयॉर्कच्या ज्या श्रीमंत स्त्रियांनी त्याला वर्षानुवर्षे जेवू घातले, सागरसफरींना नेले, मनातले सांगितले, त्यांची गुपिते त्यात पातळ पडद्याआडून उघडी केली होती. आपण लेखक आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते काय, असा कपोटीचा पवित्रा होता. दारे बंद झाली ती बंदच राहिली. बेब पेली १९७८ साली वारली, तिने अखेरपर्यंत त्याला क्षमा केली नाही. १९८४ साली कपोटी वारला तेव्हा ती कादंबरी अपुरीच होती.

दिल्लीने खुशवंतसिंगांना असे वाळीत टाकले नाही. २००७ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, २०१० साली साहित्य अकादेमीचे महत्तर सदस्यत्व. ह्यात दिल्लीचा मोठेपणा पाहता येईल. शंका एवढीच की न्यूयॉर्कच्या त्या स्त्रियांना मैत्री हवी होती म्हणून तिचा भंग त्यांना सोसला नाही; दिल्लीच्या दिवाणखान्यात मैत्री ही पदाच्या मुदतीपुरती असते, तेव्हा तिचा भंग झाला तरी फारसे काही मोडत नाही. येथे नाव छापून येणे महत्त्वाचे. कसे छापून आले, हे पुढच्या आठवड्यात कोणाला आठवत नाही.

हे पाहिले जाण्याचे वेड किती वरवरचे आहे, ते एका रात्री उघडे पडले. २९ एप्रिल १९९९ची रात्र उलटत असताना मेहरौलीच्या ‘कुतुब कोलोनेड’मधील ‘टॅमरिंड कोर्ट’ ह्या उपाहारगृहात जेसिका लाल ह्या तरुणीने मद्य देण्यास नकार दिला म्हणून मनू शर्माने तिला गोळी घातली. तो एका माजी केंद्रीय मंत्र्याचा मुलगा. त्या ठिकाणी पुरवण्यांच्या पानांवर हौसेने झळकणारी दिल्ली जमली होती. खटला उभा राहिला तेव्हा एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. फेब्रुवारी २००६मध्ये सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना सोडले. ज्यांचे छायाचित्र आले नाही तर सकाळी संपादकाला फोन जात असे, त्यांच्यापैकी किती जण त्या रात्री तेथे नव्हतेच, किंवा होते पण लवकर निघाले, किंवा निघाले नाहीत पण त्यांना काही दिसले नाही! यजमानीण बीना रमाणी आणि त्यांची कन्या मालिनी यांनी मात्र साक्ष फिरवली नाही. उच्च न्यायालयाने डिसेंबर २००६मध्ये आरोपीला दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ती शिक्षा कायम केली. मधल्या महिन्यांत निकालाविरुद्ध ज्यांनी आवाज उठवला त्यांत वृत्तपत्रे आणि वाहिन्या पुढे होत्या, हे नमूद केले पाहिजे. ज्या वृत्तपत्राच्या एका पानावर त्या जगाची आरती चालते, त्याच्याच दुसऱ्या पानावर त्या जगाची उलटतपासणी होऊ शकते. दोन्ही पानांना एकच शाई पुरते.

त्याच सुमारास ह्या धंद्याचे स्वरूपही बदलून गेले. २००३ साली टाइम्स समूहाने ‘मीडियानेट’ नावाची व्यवस्था सुरू केली. तिच्याद्वारे पुरवण्यांतील मजकुराची जागा पैसे देऊन मिळवता येऊ लागली. पुष्कळांना ह्याचा धक्का बसला. मधुर भांडारकर यांचा ‘पेज थ्री’ हा चित्रपट २००५ साली आला, त्यातली तरुण पत्रकार अजूनही जुन्याच पेचात सापडलेली होती: यजमानाने गोड बोलून बोलावले आहे, आता खरे लिहावे की नाही? प्रत्यक्षात पेच संपत आला होता. दर ठरला की मीठ उरत नाही, पावती उरते. एका दृष्टीने हा व्यवहार जुन्या मेजवानीहून प्रामाणिक म्हणावा लागेल. त्यात आपुलकीचे सोंग नाही. अडचण अशी की ती पावती वाचकाला दाखवली जात नाही. लेखक आणि यजमान यांच्यातील प्रश्न सुटतो, आणि ज्याचे मीठ सर्वांत आधी विसरले गेले होते तो वाचक पुन्हा एकदा दाराबाहेर राहतो. आणि तिसऱ्या पानावर रुळलेली सवय तिसऱ्या पानावर थांबत नाही. २००९ साली महाराष्ट्रात विधानसभेच्या निवडणुका झाल्या, तेव्हा उमेदवारांच्या जाहिराती बातम्यांच्या वेषात छापल्या गेल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले, आणि २०१० साली प्रेस कौन्सिलला ‘पेड न्यूज’वर अहवाल काढावा लागला. मेजवानीच्या छायाचित्राखाली नाव कोणते घालावे, हा प्रश्न क्षुद्र मानून ज्यांनी सोडून दिला, त्यांच्या मतदारसंघात तो असा परत आला.

खुशवंतसिंग हे ह्या पावतीच्या काळाआधीचे. ते राहत ती सुजानसिंग पार्क ही इमारतींची वसाहत त्यांच्या आजोबांच्या नावाची, वडिलांनी १९४५च्या सुमारास बांधलेली. दारावर पाटी होती: तुम्ही येणार हे घरात ठाऊक नसेल तर घंटा वाजवू नये. संध्याकाळी सात वाजता मंडळी जमत. राजदूत, लेखक, नोकरशहा, नव्या पुस्तकाचे हस्तलिखित काखेत घेतलेली तरुण मुले, अशा सर्वांसाठी यजमान स्वतः व्हिस्की ओतवीत. येथे वासे मोजणाराच घरधनी होता आणि जेवू घालणाराही तोच. पाहुण्याने काय बोलावे, काय गिळावे, हे पाहुण्याने ठरवायचे. आठ वाजले की उठायचे, हा नियम सर्वांना एकच होता. २० मार्च २०१४ रोजी, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, ते त्याच घरात वारले. त्या एका तासात आपण काय बोलून गेलो, हे आठवीत पायऱ्या उतरणारे पाहुणे पुढच्या आठवड्याचा स्तंभ उघडीत तो आपले नाव शोधण्यासाठी. आणि ते सापडले नाही की त्यांना सुटल्यासारखे वाटे, आणि थोडे वाईटही वाटे.